युरोपच्या अभ्यासात बाई कुठे आहे?

गेल्या महिन्यात आमच्या मोलकरीण संघटनेची बैठक संपल्यावर चहा चालला होता. तेव्हा एका ज्येष्ठ कार्यकर्तीनं मला सरळच विचारलं, “तू दोन वर्षं युरोपचा अभ्यास करून आलीस, त्याचा या बायकांना उपयोग काय झाला?” विषय निघाला होता तो वस्तीतल्या एका मुलीवरून. तिची आई चार घरची धुणीभांडी करते आणि संघटनेची जुनी सभासद आहे. मुलगी राज्यशास्त्र घेऊन बी. ए. झाली आणि तिला ‘युरोपीय अभ्यास’ या विषयात एम. ए. करायला परदेशी शिष्यवृत्ती मिळते आहे. ताईंचं म्हणणं असं, की इथे कामांचे डोंगर पडलेत, पोरगी हुशार आहे, तिनं समाजकार्य किंवा कायदा शिकावा. गोऱ्यांचं कौतुक शिकून काय करायचं?

त्या दिवशी मी नीट बोलले नाही. इथे बोलते, कारण मला दोन्हीकडे भांडायचं आहे. ज्यांनी मला युरोप शिकवला त्यांच्याशी, आणि तो शिकूच नये म्हणणाऱ्या आपल्या माणसांशीही.

एम. एस. डब्ल्यू. करून मी काही वर्षं वस्त्यांमधून काम केलं. मग २०१८ च्या सप्टेंबरात पश्चिम युरोपातल्या एका विद्यापीठात दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला गेले. या विषयाचा मोठा अभिमान म्हणजे तो आंतरविद्याशाखीय आहे. कायदा, अर्थशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र, सगळ्यांच्या भिंती पाडून युरोप समजून घ्यायचा. १९४९ मध्ये ब्रुज इथे ‘कॉलेज ऑफ युरोप’ निघालं, १९७६ मध्ये फ्लॉरेन्सची युरोपीय विद्यापीठ संस्था सुरू झाली आणि पुढे अशा अभ्यासक्रमांचं पेवच फुटलं. २००४ पासून ‘इरॅस्मस मुंडुस’ योजनेतून आपल्यासारख्या देशांतल्या मुलामुलींना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. ‘युरोकल्चर’ नावाच्या अशाच एका अभ्यासक्रमाच्या भागीदारांत पुणे विद्यापीठाचंही नाव राहिलेलं आहे. म्हणजे हे काही फार लांबचं प्रकरण नव्हे.

पण भिंती पाडायच्या तर पैसा कुणाचा, हेही बघायला हवं. १९८९ पासून युरोपीय आयोग ‘ज्याँ मोने’ योजनेखाली या विषयाच्या अध्यासनांना अनुदान देतो. ज्याचा अभ्यास करायचा तोच पैसे देतो. आपल्याकडे साखर कारखान्याच्या देणगीतून ऊसतोडणी कामगारांवर संशोधन निघालं तर आपण भुवया उंचावू. तिथे फारसं कुणी उंचावत नाही. सगळे शिक्षक खुशमस्करे होते असं मी म्हणत नाही, काही तर फार कडक टीकाकार होते. पण टीका कशावर? चलनावर, अंदाजपत्रकावर, मतदानाच्या टक्क्यावर.

पहिल्या सत्रात युरोपचे ‘पितामह’ शिकवले. मोने, शुमान, आडेनाउअर, दे गास्पेरी, स्पाक. रोम कराराचा २५ मार्च १९५७ चा फोटो पडद्यावर आला. सहा देश, बारा सह्या, बाराही पुरुष. कुणी त्यावर अवाक्षर काढलं नाही. १९४१ चा व्हेन्तोतेने जाहीरनामाही शिकवला. मुसोलिनीनं बेटावर डांबलेल्या कैद्यांनी संयुक्त युरोपचं स्वप्न लिहिलं, स्पिनेल्ली आणि रोसी हे त्याचे लेखक. पण कैद्यांचा कागद बेटाबाहेर पोचला कसा? उर्सुला हिर्शमान आणि अदा रोसी यांनी तो लपवून बाहेर काढला. याच हिर्शमानबाईंनी पुढे १९७५ मध्ये ब्रुसेल्सला ‘युरोपसाठी स्त्रिया’ हा गट काढला. हे मला वर्गात नाही, ग्रंथालयात कळलं. आपल्याही चळवळींत भूमिगतांचे निरोप कुणी नेले, भाकऱ्या कुणी थापल्या, हे आपण असंच शोधून काढलं, नाही का?

रोम कराराच्या ११९ व्या कलमाची गोष्ट तर सांगायलाच हवी. समान कामाला स्त्री-पुरुषांना समान वेतन, असं ते कलम. बायकांचा कळवळा म्हणून ते आलेलं नव्हतं. फ्रान्समध्ये समान वेतनाचा कायदा आधीच होता. शेजारचे देश बायकांना कमी पैशांत राबवून स्वस्त माल आपल्या बाजारात ओततील, ही फ्रान्सची भीती होती. कलम आलं आणि कपाटात पडलं. मग १९६६ च्या फेब्रुवारीत बेल्जियममधल्या एर्स्ताल गावी शस्त्रांच्या कारखान्यातल्या सुमारे ३ हजार बायकांनी संप पुकारला. तेलानं माखलेल्या यंत्रांवर उभ्यानं काम करणाऱ्या या कामगार बायका. बारा आठवडे त्या हटल्या नाहीत. त्यांच्या तोंडी मागणी होती ११९ व्या कलमाची! ज्या कराराच्या फोटोत एकही बाई नाही, तो करार कपाटातून काढून रस्त्यावर आणला तो या बायकांनी. मागितली तेवढी वाढ मिळाली नाही, पण कलम जागं झालं.

त्याच देशात गाब्रिएल दफ्रेन ही साबेना विमान कंपनीतली हवाई सुंदरी. चाळीस वर्षं पूर्ण झाली की बाईची नोकरी संपली, असा तिथे नियम. तेच काम करणाऱ्या पुरुषाला तो नियम नाही, आणि पगार जास्त. वकील एलिआन व्होगेल-पोल्स्की यांनी तिचा खटला युरोपीय न्यायालयापर्यंत नेला. ८ एप्रिल १९७६ ला निकाल लागला, की या कलमाच्या आधारे कुठलीही बाई आपल्या देशातल्या कोर्टात थेट दाद मागू शकते. करार झाल्याला एकोणीस वर्षं होऊन गेली होती. पण लगेच पुढे शेपूट जोडलं, की ज्यांनी आधीच दावा लावलाय त्या सोडून बाकीच्यांना मागची थकबाकी मागता येणार नाही, मालकांवर फार बोजा पडेल! आमच्या कायद्याच्या तासाला दफ्रेनचा खटला होता. ‘थेट परिणामाचं तत्त्व’ या मथळ्याखाली. बाईचं वय, पगार, संप, सगळं गाळून फक्त तत्त्व उरलं होतं.

मास्ट्रिख्टचा १९९२ चा करारही असाच. सामायिक चलन आणि युरोपीय नागरिकत्व यासाठी तो शिकवतात. त्याला एक जोडपत्र आहे. आयर्लंडच्या राज्यघटनेतल्या गर्भपातबंदीच्या कलमाला या कराराचा धक्का लागणार नाही, अशी हमी त्यात दिली आहे. वीस वर्षांनी, २८ ऑक्टोबर २०१२ ला, गॉलवेच्या रुग्णालयात सविता हलप्पनवार गेली. आपल्या बेळगावची मुलगी, दंतवैद्य, वय ३१. सतराव्या आठवड्यात गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झालेलं असताना, तिनं मागूनही गर्भपात नाकारला गेला, कारण गर्भाचे ठोके चालू होते. जंतुसंसर्गानं ती गेली. ते कलम आयरिश जनतेनं मे २०१८ मध्ये सार्वमतानं रद्द केलं, आणि त्या मोर्च्यांतून सविताचे फोटो होते. मास्ट्रिख्टपासून बेळगावपर्यंत अशी सरळ रेघ जाते. मी वर्गात ती दाखवली तेव्हा सर म्हणाले, “उदाहरण हृदयद्रावक आहे, पण आपण जरा मुद्द्यावर येऊ.”

आता माझं स्वतःचं दुखणं. प्रबंधासाठी मी विषय दिला होता, ऑस्ट्रियात म्हाताऱ्यांची चोवीस तास सेवा करणाऱ्या रुमानियन बायका. या बायका काही आठवडे तिथे राबतात, मग दुसरी येते, ही घरी जाते. मुलं रुमानियात आजीकडे. कागदोपत्री बहुतेक जणी ‘स्वयंरोजगारी’, म्हणजे किमान वेतन नाही, कामाचे तास नाहीत, मध्ये दलाल एजन्सी. आपल्याकडची ब्यूरोतून आलेली आयाबाई डोळ्यांसमोर आणा, काही वेगळं सांगावं लागणार नाही. शिवाय जानेवारी २०१९ पासून ऑस्ट्रियानं असं ठरवलं होतं, की मूल ज्या देशात राहतं तिथल्या महागाईप्रमाणे बाल-भत्ता द्यायचा. म्हणजे रुमानियात मूल ठेवून व्हिएन्नाची म्हातारी सांभाळणाऱ्या बाईचा भत्ता कापला! कायदा, बाजार, सीमा, लोकसंख्या, कुटुंब, सगळं एका बाईच्या बॅगेत. याहून आंतरविद्याशाखीय विषय कुठला असेल? विभागानं तो परत पाठवला. शेरा होता, “हा समाजकार्याचा विषय आहे, युरोपीय अभ्यासाचा नाही.” मुलाखती घेणार म्हटल्यावर ‘किस्से’ हा शब्द वापरला गेला. मी भांडले, हरले आणि ११९ व्या कलमावर लिहून पदवी घेतली. तेव्हा फार रडले होते, हे कबूल करते.

मग आला २०२० चा मे महिना. करोनानं युरोपच्या सीमा बंद झालेल्या, आम्ही खोल्यांत अडकलेलो. आणि रुमानियातल्या तिमिश्वारा शहरातून व्हिएन्नाला खास रेल्वेगाडी सुटली, याच बायकांना आणण्यासाठी. मंत्र्यासंत्र्यांचं अडलं नव्हतं, म्हातारीचं पाठ पुसणारं कुणी नव्हतं. १६ जून २०२२ ला युरोपीय न्यायालयानं भत्ताकपात बेकायदा ठरवली. जो माणूस तिथे कर भरतो आणि काम करतो त्याला तिथल्यासारखाच भत्ता, असा त्याचा अर्थ. ती बातमी मी वस्तीतल्या बालवाडीत बसून वाचली. माझा विषय युरोपीय अभ्यासात नव्हता, लक्झेंबर्गच्या न्यायालयात मात्र होता!

आता ताई, तुमच्याकडे वळते. तुम्ही म्हणता, ते पाश्चात्त्यांचं आहे, आपल्याला कशाला? याच शब्दांनी आपल्याला गावोगाव कोण हिणवतं ते आठवा. स्त्रीमुक्ती म्हणजे पाश्चात्त्य खूळ, हे आपण किती वर्षं ऐकतोय! मी तिथे पोचले त्याच्या पुढच्याच महिन्यात, ऑक्टोबर २०१८ ला, हंगेरीत ओर्बान सरकारनं एका फतव्यानिशी ‘जेंडर स्टडीज’ची एम. ए. मान्यताप्राप्त विषयांच्या यादीतून काढून टाकली. हे शास्त्र नाही, विचारसरणी आहे, आणि या पदवीला बाजारात मागणी नाही, अशी कारणं दिली. सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटीला तर वेगळ्या कायद्यानं बुडापेस्टमधून व्हिएन्नाला जावं लागलं. तो कायदा युरोपीय न्यायालयानं ऑक्टोबर २०२० मध्ये चुकीचा ठरवला, पण तोवर वर्ग हललेले होते. तिथलेही सनातनी हेच म्हणतात, की हे खूळ बाहेरून आलंय. आमचं नाही, ब्रुसेल्सचं आहे, अमेरिकेचं आहे. पोलंडच्या बिशपांनी २०१३ च्या डिसेंबरात चर्चमधून वाचायला पत्र काढलं तेही याच चालीवर. पुण्यात आपण पाश्चात्त्य, बुडापेस्टात त्या पाश्चात्त्य. मग बाईचा स्वतःचा देश कुठला? हे कळायला मला तिथे जावं लागलं, आणि त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही.

उपयोगाचं म्हणाल तर साधी गोष्ट आहे. घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २०११ चा. इटलीनं तो २०१३ मध्ये मंजूर केला, भारतानं अजून केलेला नाही. आपल्याकडे २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे आणि त्याचे फॉर्म भरताना आपली काय दमछाक होते ते तुम्ही जाणताच. तिथे कलम कपाटातून कसं काढलं, हे एर्स्तालच्या बायकांकडून शिकण्यात कसला आलाय कमीपणा?

पोरीला मी जा म्हणून सांगितलंय. जाण्याआधी अभ्यासक्रम मागवून घे, बायकांना एक आठवडा दिलाय की सगळी दोन वर्षं, ते बघ. प्रबंधाचा विषय कोण मंजूर करतं, ते पत्रानं विचारून घे. तिची आई मात्र एकच विचारत होती, तिथे आजारी पडली तर दवाखान्याचा खर्च कोण देईल? ते शिष्यवृत्तीच्या कागदांत शोधून काढायचं काम सध्या आम्ही दोघी करतोय.