विंडशील्ड किती उंच? नाकाएवढी!

पुण्या-मुंबईत नोकरी आणि गाव वाशीम जिल्ह्यात, अशा मंडळींपैकी अनेकांकडे आता टूरिंगची बाईक आहे. बाईक आली की अ‍ॅक्सेसरीज आल्या, आणि त्या यादीत अगदी वर असते ती उंच विंडशील्ड. जितकी उंच तितकी भारी, असा एक सर्वसाधारण समज. माझं मत नेमकं उलट आहे: आपल्या रस्त्यांवर डोळ्यांच्या वर जाणारी काच ही सोय नाही, अडचण आहे.

आधी रस्त्याचं बोलू. समृद्धी महामार्ग कारंजा, शेलूबाजार, मालेगावच्या बाजूने जातो, ७०१ किलोमीटर, जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. पण त्यावर दुचाकीला बंदी. म्हणजे आपण जाणार संभाजीनगर, जालना, सिंदखेडराजा, मेहकर, मालेगाव असे जुन्या रस्त्याने. पुण्याहून वाशीम साधारण साडेचारशे किलोमीटर. मध्ये गावं, गतिरोधक, उसाचे ट्रॅक्टर, आणि कुणाचीही पर्वा न करणाऱ्या म्हशी. खरा वेग ६० ते ९०. त्यामुळे युरोपातला माणूस ताशी १३० ने जाताना जी काच वाखाणतो, ती आपल्याला तशीच्या तशी लागू होत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर रिक्वायरमेंटच वेगळी आहे राव!

आता थोडं फिजिक्स, घाबरू नका. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ६० वरून ९० वर गेलात तर वेग दीडपट, पण छातीवरचा रेटा सव्वादोन पट. तो रेटा दिवसभर मानेने आणि खांद्यांनी पेलायचा म्हणजे संध्याकाळी घरी पोचल्यावर आईशी दोन शब्द बोलायचंही त्राण उरत नाही. म्हणून काच हवी, याबद्दल वाद नाही.

पण काच हवा गायब करत नाही, फक्त वळवते. काचेच्या मागे कमी दाबाची पोकळी तयार होते आणि वरच्या कडेवरून सुटलेली हवा भोवरे करत मागे येते. हे भोवरे नेमके हेल्मेटवर आदळले की डोकं थडथडायला लागतं. स्वच्छ, सरळ वारा परवडला, पण ही थडथड नको. अर्धवट उंचीची काच बिनकाचेपेक्षा वाईट वाटते ती यामुळेच.

मग 'अजून उंच घेऊ' हा उपाय सुचतो. त्यात गोची अशी की आता तुम्ही काचेवरून नाही, काचेतून बघता. दिवसा, कोरी काच असेल तर ठीक. पण पावसात काचेला वायपर नसतो. संध्याकाळी किडे चिकटतात. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत धूळ बसते, ती कोरड्या फडक्याने पुसली की चरे पडतात, आणि रात्री समोरच्या ट्रकचा हाय बीम त्या चऱ्यांत असा फुटतो की खड्डा, बैल, माणूस काही दिसत नाही. हेल्मेटची काच वर करता येते, विंडशील्ड नाही. इथे प्रश्न आरामाचा उरत नाही, जिवाचा होतो.

म्हणून माझा नियम: काचेची वरची कड नाकाच्या शेंड्याच्या रेषेत. नजर नेहमी कडेवरून रस्त्यावर गेली पाहिजे. मोजताना रोजचं हेल्मेट आणि जॅकेट घालून, नेहमीसारखं बसून मोजा. ताठ बसून नव्हे, फोटोसाठी बसतो तसंही नव्हे! मित्राला समोर पट्टी धरायला सांगा. कुणाची उंची पाच-चार, कुणाची सहा फूट, बाईक तीच, मग काच एकच कशी चालेल?

विकत घेण्याआधी एक फुकटातली टेस्ट आहे. मोकळ्या, सरळ रस्त्यावर, मागे-पुढे कुणी नसताना ८० च्या आसपास दोन्ही हात हँडलवर ठेवूनच डोकं दोन इंच खाली घ्या. आवाज आणि थडथड कमी झाली तर काच थोडी उंच हवी. उलट, जरा ताठ झाल्यावर शांत वाटलं तर ती कमी करा किंवा तिचा कोन बदला. बऱ्याचदा कोन बदलून किंवा काचेखाली हवेला थोडी वाट ठेवून काम होतं, आणि पैसे वाचतात. हँडलवर बसवायची भली मोठी काच मात्र टाळा. आडवा वारा किंवा समोरून येणाऱ्या ट्रकचा झोत थेट स्टिअरिंगवर येतो.

मागे बसणाऱ्याचं काय, हा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही. तुमच्या डोक्यावरून गेलेली हवा मागच्या माणसाच्या हेल्मेटवर आदळू शकते. बायको 'मी एस्टीने येते' म्हणते, तेव्हा दोष प्रत्येक वेळी सीटचा नसतो. टेस्ट राईड दोघांनी मिळून घ्या.

आता तुम्ही म्हणाल, वऱ्हाडातल्या मे महिन्यात वारा अडवायचा कशाला? पारा ४२ च्या वर गेला की वारा अंगापेक्षा गरम असतो. तो घाम वाळवतो, पण उष्णताही देतो आणि अंगातलं पाणी झपाट्याने कमी करतो. अशा वेळी छातीवरचा झोत कमी झालेला बराच, पण चेहऱ्याशी हवा खेळती हवी. दोन्ही गोष्टी नाकाएवढ्या काचेत साधतात. बाकी पूर्ण बाह्या, पाणी आणि पहाटे निघणं याला पर्याय नाही.

शेवटचं, कानाचं. ताशी १०० ला हेल्मेटच्या आतला वाऱ्याचा आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो. त्याने तासन् तास कान झिजतात आणि गेलेलं ऐकणं परत येत नाही. काच यात मदत करते, पण खरं काम मेडिकलमध्ये मिळणारे साधे इअरप्लग करतात.

तर राजेहो, काच घ्या, जरूर घ्या. फक्त बाईक कशी दिसते यापेक्षा तुम्हाला रस्ता कसा दिसतो, हे बघून घ्या.