गरम काच आणि ओला फडका

सकाळचे डबे भरून झाले की घरोघरी हाक येते, "बेटा, शेगडी पुसून घे." पण "आधी गार होऊ दे" असे किती जणी सांगतो? माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली शाळेला निघण्याआधी घाईघाईने हे काम उरकून येतात. म्हणून भगिनींनो, या वेळी काचेच्या शेगडीविषयी.

या शेगडीची काच टफन्ड असते. तयार करताना ती खूप तापवून हवेच्या झोताने एकदम गार करतात. त्यामुळे तिचा वरचा थर दाबात आणि आतला भाग ताणात राहतो. म्हणूनच ती साध्या काचेपेक्षा मजबूत असते. पण खोल चरा गेला किंवा कडेला ठोका बसला, तर आतला ताण सुटतो आणि सगळी काच क्षणात बारीक तुकड्यांत विखुरते. तापलेल्या काचेवर गार ओला फडका पडला, तर तेवढाच भाग आकसतो. आधीच चरे असलेल्या काचेला एवढे निमित्त पुरते.

साफसफाई अशी करावी. स्वयंपाक आटोपल्यावर रेग्युलेटर बंद करा आणि अर्धा तास थांबा. मग जाळ्या व बर्नर उचलून बाजूला ठेवा. साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ फडक्याने काच पुसा. उतू गेलेले दूध किंवा खीर करपली असेल, तर खाण्याचा सोडा थोड्या पाण्यात कालवून लावा. वर ओला फडका 15 मिनिटे ठेवा. डाग मऊ पडतो. तारेची घासणी, सुरी, राख यांनी चरे पडतात, ती वापरू नका. काचेवर पाणी ओतू नका, ते आत उतरून शेगडी गंजते. संडासाचे अ‍ॅसिड तर मुळीच नको. त्यात ब्लीच मिसळले गेले, तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

बर्नरची छिद्रे जुन्या टूथब्रशने मोकळी करा. पूर्ण सुकल्यावरच बर्नर नीट बसवा. ज्योत निळी हवी. ती पिवळी दिसली आणि भांडी काळी होऊ लागली, तर छिद्रे तुंबली आहेत का ते आधी पाहा.

दावतीची मोठी देगची काचेच्या शेगडीवर चढवू नका. तिच्या रुंद बुडाखाली उष्णता कोंडून काच तापते. त्यासाठी लोखंडी शेगडी बरी. काचेला तडा दिसला, तर ती बदलेपर्यंत शेगडी पेटवू नका.

गॅसचा वास आला, तर दिव्याचे बटण चालू-बंद करू नका, काडी ओढू नका. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडा आणि बाहेर जाऊन 1906 वर फोन करा. हा नंबर घरातल्या मुलामुलींकडून आजच पाठ करून घ्या.