उघड्या दाराआडचे नित्यवाचन

पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८९० साली मुंबईहून पुण्यास आले. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील, या भरवशावरच येथील सुधारकांनी त्यास आधार दिला होता. स्वतः रमाबाईंनी मात्र १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला होता. आपल्या खोलीत त्या नित्यनेमाने बायबल वाचीत व प्रार्थना करीत. खोलीचे दार लावून घेत नसत. सदनातील काही विद्यार्थिनी तेथे येऊन बसू लागल्या आणि पुण्यात वादळ उठले. १८९३ साली रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी सदनाशी संबंध तोडला. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

आज त्या वादात एका पक्षाला दोषी ठरविणे सोपे आहे. पण ते न्याय्य होणार नाही. जिला दुसरा आसरा नाही अशी विधवा मुलगी आश्रयदात्रीच्या प्रार्थनेस बसते, तेव्हा ती कितपत स्वेच्छेने बसते, ही शंका निराधार नव्हती. परंतु माणसाने आपल्या श्रद्धेचा पाठ चोरून का करावा, हा प्रश्नही तितकाच रास्त होता.

या पेचातून सुटण्याचा एकच मार्ग आम्हांस दिसतो. ज्याला मार्गदर्शन हवे, त्याला ग्रंथ स्वतः उघडता आला पाहिजे, समजला पाहिजे आणि न पटल्यास मिटताही आला पाहिजे. रमाबाईंचे उत्तरायुष्य याच दिशेने गेले. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि अल्पशिक्षित स्त्रियांनाही उमगेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबल उतरविले. छपाईचे कामही तेथील स्त्रियांनीच केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. बालपणी गावोगाव पुराणे सांगत फिरलेल्या या विदुषीला पठण आणि आकलन यांतील अंतर कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

पुणेकरांना हा विचार परका वाटू नये. आळंदी येथून जवळच आहे आणि गीतेचा अर्थ मराठीत आणणारी ज्ञानेश्वरी १२९० सालची आहे. मात्र पारायणाची संख्या मोजणारा वाचक आणि बायबलचे पान सहज उघडून त्यात नोकरीचा वा लग्नाचा कौल शोधणारा वाचक, दोघेही एकाच चुकीचे धनी आहेत. आता तर रोजचे वचन मोबाइलवर आपोआप येते आणि वाचण्यापूर्वीच दुसऱ्याकडे रवाना होते.

नित्यवाचनाचे मर्म याहून साधे आहे. थोडेच वाचावे, पण क्रमाने वाचावे. आवडते तेवढे वेचून नव्हे. वाचलेले वचन शेजाऱ्याला नव्हे, स्वतःला लावून पाहावे. शत्रूवर प्रीती करण्याची आज्ञा सकाळी वाचणाऱ्याने संध्याकाळी भावाशी धरलेला अबोला सोडला नाही, तर ते वाचन डोळ्यांनी झाले, मनाने नव्हे.

दार उघडे असावे की बंद, हा वाद पुण्याने १८९३ साली पुरेसा घातला. आत बसलेला मनुष्य वाचून उठताना बदलतो की नाही, हे पाहणे अजून राहिले आहे. आणि ते ज्याचे त्यानेच पाहावयाचे आहे.