हुकमाच्या ताबेदाराची देशभक्ती

१९५३ च्या एप्रिलमध्ये इयान फ्लेमिंग या इंग्रज लेखकाची ‘कॅसिनो रॉयल’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि जेम्स बाँड हा सरकारी हेर जगापुढे आला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ब्रिटन व अमेरिका यांच्या हेरखात्यांनी इराणमधील मोसाद्देक सरकार उलथून पाडले. तेलाचे राष्ट्रीयीकरण हाच त्या सरकारचा अपराध! हेरखात्याचा खरा धंदा असा चालू असतानाच त्या धंद्याला देशभक्तीचा मुलामा देणारा नायक वाचकांच्या हाती ठेवण्यात आला. सत्तर वर्षांनंतरही त्याची मोहिनी ओसरलेली नाही. म्हणूनच ही देशभक्ती कसोटीवर घासून पाहणे अगत्याचे आहे.

या पहिल्याच कादंबरीतील खलपुरुष कोण? फ्रान्सच्या आल्सास प्रांतातील कम्युनिस्ट नेतृत्वाखालील कामगार संघटनेचा खजिनदार! त्याला जुगारात नागविण्यासाठी बाँड ब्रिटिश तिजोरीतील पैसा पणाला लावतो आणि हरतो. तेव्हा सी. आय. ए.चा माणूस तीन कोटी वीस लाख फ्रँक त्याच्या हाती ठेवतो आणि त्याला ‘मार्शल मदत’ म्हणतो. लेखकाने हे विनोदाने लिहिले. परंतु अमेरिकन डॉलरच्या आधाराने उभा असलेला ब्रिटिश राष्ट्राभिमान त्यातून नेमका उघडा पडला.

याच पुस्तकात रुग्णशय्येवर पडलेल्या बाँडला क्षणभर शंका येते: आपली बाजू खरोखरच न्यायाची आहे काय? पण विचाराने तिचे निरसन होत नाही. प्रेयसी शत्रूची हस्तक निघते, मन सूडाने पेटते आणि शंका कायमची गाडली जाते. जिथे विचार करायचा तिथे वैयक्तिक सूड येतो, आणि त्यालाच देशकार्य म्हटले जाते.

१९६० च्या ‘फॉर युअर आइज ओन्ली’ या कथेत तर हा मुखवटाही गळून पडतो. जमैकातील एका इंग्रज जमीनदार दांपत्याचा खून होतो. ते बाँडच्या वरिष्ठाचे जुने स्नेही. देशाच्या संरक्षणाशी या प्रकरणाचा संबंध नाही, हे तो वरिष्ठही जाणतो. तरीही त्याच्या मनातील इच्छा ओळखून बाँड परक्या देशात जाऊन खुन्याला ठार करण्याचे काम अंगावर घेतो. साहेबाचे खासगी वैर हेच राष्ट्राचे वैर ठरते!

या निष्ठेला मोबदलाही आहे. १९५५ च्या ‘मूनरेकर’मध्ये लेखक हिशेबच देतो: वर्षाला दीड हजार पौंड पगार आणि कामगिरीवर असताना हवा तसा खर्च. बाँड शूर आहे, यातना सोसतो, हे कबूल. परंतु कोणासाठी, हा प्रश्न न विचारणारे शौर्य भाडोत्री सैनिकापाशीही असते.

‘ही तर केवळ करमणूक,’ असे कोणी म्हणेल. पण १९५६ मध्ये सुएझच्या आक्रमणात तोंडघशी पडलेले पंतप्रधान ईडन विश्रांतीसाठी गेले ते फ्लेमिंगच्याच जमैकातील बंगल्यात! साम्राज्याचा पराभूत कारभारी आणि साम्राज्याच्या विजयकथा रचणारा लेखक यांच्यातील अंतर इतके थोडे होते.

बाँड हा ब्रिटिश आरमाराच्या राखीव दलातील कमांडर. त्याच राजसत्तेची चाकरी करणाऱ्या आरमारी खलाशांनी १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या नौदल केंद्रावर हुकूम मानण्यास नकार दिला. त्यांच्यापाशी ना मोटारी होत्या, ना उंची मद्ये. निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या हाच त्यांचा वाटा. त्यांच्या पाठिंब्यासाठी मुंबईचा कामगार रस्त्यावर उतरला आणि त्याने छातीवर गोळ्या झेलल्या. सत्तेने या खलाशांना बंडखोर ठरविले, नोकरीतून काढले. इतिहासाने त्यांना देशभक्त म्हटले.

देशभक्तीची कसोटी हुकमाच्या पालनात नाही. देश म्हणजे सिंहासन नव्हे, साहेब नव्हे, हेरखाते नव्हे; देश म्हणजे तेथील राबणारी जनता. वरून आलेल्या आदेशावर ‘कोणाच्या हितासाठी?’ असा प्रश्न जो विचारतो, तोच तिचा खरा सैनिक.