कॅन्टन फेअरला निघालाय? कॉस्टिंगमध्ये तब्येतीचीही एक ओळ टाका

चीनमध्ये ग्वांगझूला ऑक्टोबरात भरणाऱ्या कॅन्टन फेअरला पहिल्यांदा निघालेल्यांचे प्रश्न ठरलेले असतात. कमीत कमी किती माल घ्यावा लागेल? एजंट करायचा का? पेमेंट कसं द्यायचं? तिथे आजारी पडलो तर काय, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते हाही धंद्याचाच प्रश्न आहे. फेअरचा एक टप्पा पाच दिवसांचा. त्यातले दोन दिवस खोलीत झोपून गेले, तर तिकीट, व्हिसा, हॉटेल सगळा खर्च उरलेल्या तीन दिवसांवर चढतो. आणि अंगात कणकण असताना घासाघीस होत नाही हो. माणूस पहिल्याच भावाला मान डोलावतो आणि खोली गाठतो.

म्हणूनच रात्रभर प्रवास करून थेट हॉलमध्ये शिरायचा, एका रात्रीचं भाडं वाचवायचा प्लॅन मला पटत नाही. तिथलं घड्याळ अडीच तास पुढे, झोप आधीच कापलेली. एक दिवस आधी पोहोचा. प्रदर्शनाची जागा 15 लाख चौरस मीटरहून मोठी आहे, त्यामुळे नवे कोरे बूट नकोत. शुगर असेल तर पायाचा फोड किरकोळ समजू नका.

नळाचं पाणी पिऊ नका. तिथले लोकही उकळूनच पितात, आणि हॉटेलच्या खोलीत बहुतेक वेळा किटली असते. एक थर्मास सोबत असला की काम झालं. जुलाब लागले तर ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवा. ग्लासात अंदाजाने टाकायचं नाही.

डासांचं कुणाच्या लक्षातच येत नाही. ऑक्टोबर म्हणजे त्या ग्वांगडोंग प्रांतात डेंग्यूचा काळ. 2014 मध्ये तिथे 40 हजारांहून जास्त रुग्ण झाले होते. हा डास दिवसा चावतो, म्हणजे तुम्ही फिरत असता तेव्हाच. क्रीम लावा. ताप आला तर ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नका, पॅरासिटामॉल घ्या आणि डॉक्टर गाठा. घरी परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला, तर कुठे जाऊन आलो ते डॉक्टरांना आधी सांगा.

रोजच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव हवं, आपले ब्रँड तिथे कुणाला कळणार?

आता विमा. 'आठवड्याभरासाठी कशाला?' म्हणणारे लाखाच्या मालाला मात्र विमा उतरवतात! गंमतच आहे. इथली मेडिक्लेम पॉलिसी बहुतेक वेळा परदेशात चालत नाही, तेव्हा प्रवासविमा वेगळा घ्या. बीपीची गोळी चालू असेल तर फॉर्ममध्ये लिहा. प्रीमियम वाढेल कदाचित, पण लपवलंत तर नेमका त्याच आजाराचा क्लेम अडकतो. तिथे ॲम्ब्युलन्सचा नंबर 120. पलीकडच्याला इंग्रजी येईलच असं नाही, म्हणून हॉटेलचा पत्ता चिनीत छापलेलं कार्ड रिसेप्शनवरून पहिल्याच दिवशी मागून घ्या.