जनावर आडवं येत नाही

चंद्रपूरहून मूलला जाताना चिचपल्लीच्या पुढे, एका हिवाळ्यात, आमच्या गाडीला चितळाची मादी धडकली. रात्रीचे साडेआठ झाले असतील. गाडी भाऊजी चालवत होते, मी शेजारी बसलो होतो. डाव्या कडेला दोन हिरवट ठिपके चमकले आणि ते काय आहे हे कळायच्या आत दणका बसला. उतरून टॉर्च मारला. बंपर डावीकडून निखळला होता, नंबरप्लेटच्या फटीत तांबूस केसांचा पुंजका अडकला होता. मादी पुढच्या पायांवर उठू पाहत होती, पण मागचा भाग हलत नव्हता. तिचे खूर डांबरावर घासत होते. तो आवाज मी आजही विसरलेलो नाही. भाऊजी अत्यंत सरळ माणूस. त्यांचे हात थरथरत होते. ते एवढंच म्हणाले, "मी काय करणार? आडवंच आलं ना."

हे वाक्य आपल्याकडे सगळेच बोलतात. पंचनाम्यात तेच लिहिलं जातं, बातमीत तेच छापून येतं. त्यात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात: चूक जनावराची होती, सगळं अचानक घडलं आणि चालवणाऱ्याच्या हातात काही नव्हतं. मला या तिन्ही गोष्टी साफ अमान्य आहेत.

पहिलीबद्दल फार बोलायची गरज नाही. चरायची जागा आणि पाणवठा यांच्यामधली कळपाची वाट आपल्या डांबरापेक्षा जुनी असते. नवेगाव आणि नागझिऱ्याच्या जंगलांमधून राष्ट्रीय महामार्ग जातो. पेंचच्या जंगलातून नागपूर-सिवनी मार्ग जातो. तिथल्या सांबराने पलीकडे जायचं तरी कुठून?

खरा वाद आहे तो 'अचानक' या शब्दाशी. हा शब्द आकड्यांपुढे टिकत नाही. ताशी 90 च्या वेगात गाडी सेकंदाला 25 मीटर पुढे जाते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध माणसालाही साधारण दीड सेकंद लागतो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच 37 मीटर संपले. कोरडा रस्ता आणि चांगले टायर धरले तरी तिथून पुढे थांबायला आणखी 45 मीटर लागतात. एकूण 80 मीटरच्या वर. समोरून वाहन येतं म्हणून आपण डिपर देतो, तेव्हा दिव्याचा उजेड जेमतेम 40-50 मीटर पोचतो. त्या रात्री आमचा वेग आणि उजेड एवढाच होता, म्हणजे ती मादी आम्हाला दिसली तेव्हाच ती वाचण्याची वेळ टळून गेली होती. तिच्या जागी सायकलवरून घरी निघालेला माणूस असता तरी तेच झालं असतं. ताशी 60 ला हाच हिशेब 45 मीटरच्या आसपास येतो, म्हणजे उजेडाच्या आत. आपण आपल्या दिव्यांच्या पुढे गाडी पळवत होतो, याला 'अचानक' म्हणता येत नाही.

यावर अनुभवी चालक सांगतात, "हॉर्न मारला की पळतं." कधीकधी पळतंही, पण कुठल्या दिशेला? चितळाचा डोळा अंधुक उजेडात पाहायला घडलेला. दृष्टिपटलामागचा परावर्तक थर कमीतकमी प्रकाशही वापरतो, म्हणून तो डोळा चमकतो. त्याच डोळ्यात अप्परचा झोत पडला की तो दिपतो आणि जनावर जागीच खिळतं. वाघ किंवा रानकुत्रा आला तर काय करायचं, हे त्याच्या अंगात हजारो पिढ्यांचं मुरलेलं आहे. सेकंदाला 25 मीटर येणाऱ्या लोखंडाचं तसं काही मुरलेलं नाही. झोत खाली करून वेग कमी केला, तरच त्याला सुटकेची वाट दिसते. चितळ एकटं फिरत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. पहिलं पार झालं की आपण सुटकेचा श्वास टाकून ॲक्सिलरेटर दाबतो, आणि धडक बसते ती मागून येणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्याला.

"शेवटी जनावरच मरतं, माणूस गाडीत सुरक्षित असतो," असंही ऐकलं आहे. असं म्हणणाऱ्याने रोही (नीलगाय) जवळून पाहिलेला नसावा. वाढलेला नर दोनशे किलोच्या वर भरतो आणि त्याचे पाय लांब असतात. बंपर पायांना लागतो आणि अख्खं धड बोनेटवरून काचेवर येतं. दुचाकीस्वाराला तर रानडुक्करही पुरेसं आहे. विदर्भात शेतावरून रात्री परतणाऱ्या कुटुंबांना हे कुणी शिकवायची गरज नाही. त्यातही अनेकदा माणूस मरतो तो धडकेने नव्हे, तर जनावर चुकवायला स्टिअरिंग कापल्याने. गाडी झाडाला तरी जाते, नाहीतर समोरच्या ट्रकखाली. ब्रेक सरळ रेषेत दाबायचा, ही सवय वेग आधीच आटोक्यात असला तरच उपयोगी पडते.

पण सगळा दोष चालकाच्या माथी मारून रस्ता बांधणाऱ्यांना सोडून देणं मला पटत नाही. "पाट्या लावल्या आहेत" हे त्यांचं उत्तर. हरणाचं चित्र असलेली पिवळी पाटी मीही शेकडो वेळा पाहिली आहे आणि त्याच वेगाने तिच्या पुढे गेलो आहे. सरळ, रुंद, गुळगुळीत रस्ता चालकाला 'पळव' म्हणतो. पाटीचं कोण ऐकणार? 2017 च्या डिसेंबरअखेर नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ बोर व्याघ्र प्रकल्पातला 'बाजीराव' हा वाघ वाहनाच्या धडकेत मेला. राज्यभर हळहळ झाली. पण हळहळ करून महामार्गाखालून वाट तयार होत नाही.

ती वाट करता येते, आणि याचा पुरावा आपल्याच दाराशी आहे. पेंचमधून जाणारा महामार्ग चौपदरी करताना वर्षानुवर्षं वाद चालला. इतका खर्च कशाला, जनावरं पुलाखालून थोडीच जाणार, असं म्हटलं गेलं. अखेर महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी रस्ता उचलला गेला. कुठे 50 मीटर, कुठे थेट 750 मीटर. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने 2019 मध्ये तिथे कॅमेरे लावले, तेव्हा 18 जातींचे वन्यप्राणी त्या पुलांखालून ये-जा करताना टिपले गेले. चितळ होते, रानकुत्रे होते, अकरा वेगवेगळे वाघ होते. वरून ट्रक धडधडत होते आणि खालून वाघ चालत होता. 'जनावरं जाणार नाहीत' हा मुद्दा जनावरांनीच निकालात काढला. आता कुठल्याही नव्या रस्त्याच्या वेळी तो पुन्हा ऐकून घेण्याचं कारण नाही. नुसतं कुंपण घालून मोकळं होणं मात्र घातकच. वाट न ठेवता घातलेल्या कुंपणातून चुकून आत शिरलेलं जनावर रस्त्यावरच कोंडलं जातं.

जिथे रस्ता उचलता येत नाही, तिथे रात्री वाहतूक थांबवायला काय हरकत आहे? "मग आजाऱ्याला दवाखान्यात कसं न्यायचं?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तरही उपलब्ध आहे. कर्नाटकात बंदीपूरच्या जंगलातल्या महामार्गांवर 2009 पासून रात्री 9 ते सकाळी 6 वाहतूक बंद असते. रुग्णवाहिका जातात, मोजक्या बसगाड्याही जातात. थांबतात ती ज्यांना थांबणं शक्य आहे ती वाहनं. प्रत्येक जंगलात हे हवंच, असं मी म्हणत नाही. पण गावकऱ्यांच्या अडचणीचं नाव पुढे करून रात्रभर मालवाहतूक रेटणं गावकऱ्यांच्याही हिताचं नाही. वर सांगितलेला दुचाकीस्वार त्याच गावातला असतो.

त्या रात्री आम्ही वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनला फोन केला, तोही अर्ध्या तासाने, कारण तो नंबर आमच्यापैकी कुणालाच पाठ नव्हता. माणसं येईपर्यंत मादी शांत झाली होती. आठवडाभराने विम्याचा अर्ज भरायला भाऊजींनी मला बसवलं, कारण माझं अक्षर बरं. अपघाताचं कारण या रकान्यात मीच माझ्या हाताने लिहिलं: 'जनावर अचानक आडवे आल्याने.' दावा मंजूर झाला, बंपर नवा बसला. त्या रकान्यात 'वेग 90, उजेड 50 मीटर' एवढंच लिहायला हवं होतं.