ओळखलंत का, असं विचारू नका

वृद्धनिवासात गेलो की आपण बायका पहिला प्रश्न कोणता विचारतो? "आजी, ओळखलंत का मला?" दुसरा, "आज वार कोणता?" तिसरा, "मुलगा काय करतो तुमचा?" समोरची आजी स्मृतिभ्रंशाची. वार सांगता येत नाही, म्हणून तर ती तिथे आहे! आणि आपण नेमकं तेच मागतो, जे तिच्यापाशी उरलेलं नाही. पाय मोडलेल्या माणसाला "जरा पळून दाखवा" म्हणावं, तसंच हे. भगिनींनो, ही सेवा नव्हे, ही तोंडी परीक्षा आहे. मी स्वतः ती कित्येकदा घेतली आहे, म्हणून हे लिहिते.

आमच्या सासूबाई कोल्हापूरकडच्या. यजमानांच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे आम्ही सिल्वासाला आलो, मागाहून त्याही आल्या. रोज सकाळी दारात रांगोळी काढल्याशिवाय त्या चहा घेत नसत. पुढे विसर पडू लागला. मग रांगोळी दारात राहिली नाही. ओट्यावर आली, फ्रीजवर आली, एकदा तर सोफ्यावर. मी वैतागले. पिठाचा डबा कुलपात ठेवला. घर स्वच्छ झालं, आणि सासूबाईंचे हात मांडीवर येऊन पडले. ते पुन्हा हलायला दोन वर्षं लागली.

शेवटी त्यांना एका निवासात ठेवावं लागलं. लाज वाटायची, पण त्याबद्दल आज लिहीत नाही. तिथे जेवण वेळेवर, औषध वेळेवर, अंथरूण कोरडं. आणि दिवसभर टीव्ही. बाहेरच्या हॉलमध्ये काचेच्या फ्रेममध्ये मोठं वारली चित्र लावलेलं. तारपा वाजतोय, माणसं फेर धरून नाचताहेत. आत अठरा बायका खुर्च्यांवर ओळीने बसलेल्या, आणि कोणाच्याही हातात साधी पेन्सिल नाही!

आपण दादरा-नगर हवेलीत राहतो. पाहुणे आले की त्यांना आदिवासी संग्रहालय दाखवतो, वारलीचे पेले, पिशव्या भेट देतो. पण ही कला मुळात कोणाची? लग्नघरात भिंत सारवून तांदळाच्या पिठाने चौक काढायचा, तो सवाशिणींनी. मध्ये पालघट देवी. गाणी म्हणायला धवलेरी, तीही बाईच. ते चित्र विकायला नव्हतं, टिकवायला नव्हतं. चार बायकांनी मिळून, गात, एका भिंतीपाशी बसून काढायचं, यातच त्याचं मोल होतं. काचेत घालून हॉलमध्ये टांगलं ते आपण.

हे विदेशातलं फॅड आहे, असं म्हणणाऱ्यांनी ऐकावं. अमेरिकेत ॲन बास्टिंग नावाच्या बाई नव्वदच्या दशकात अशाच एका निवासात जात होत्या. आठवणींवर आधारलेले खेळ घेऊन त्या थकल्या, कोणी बोलेना. मग एक दिवस त्यांनी मासिकातल्या सिगारेटच्या जाहिरातीतलं एका काउबॉयचं चित्र फाडून पुढे ठेवलं आणि म्हणाल्या, हा कोण, तुम्हीच ठरवा. आठवायचं काही नव्हतं, रचायचं होतं. मंडळी बोलायला लागली, हसायला लागली. त्यातून 'टाइमस्लिप्स' ही पद्धत उभी राहिली आणि 2016 साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. सांगायचा मुद्दा एवढाच, की त्यांनी प्रश्न बदलला. "आठवतंय का?" याच्या जागी "तुम्हाला काय वाटतं?" यायला पैसा लागत नाही.

आपल्या देशात 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे 7.4 टक्के निघालं, म्हणजे 88 लाखांच्या आसपास माणसं. त्यात पुरुषांपेक्षा बायकांचं प्रमाण जास्त. म्हणजे हे आपलंच आहे गं. आज आपण भेटायला जातो, उद्या त्या खुर्चीत आपण असू.

आता आपल्यातले नेहमीचे आक्षेप घेते.

"रंग तोंडात घालतात." घालू देत. तांदळाचं पीठ घ्या, हळद घ्या, पालकाचा रस, गोकर्णीच्या फुलांचं निळं पाणी घ्या. बीट आपल्यात चालत नाही, तर नको.

"सांभाळायला माणसं कुठे आहेत?" आहेत. त्या निवासांत राबणाऱ्या पुष्कळ पोरी इथल्याच पाड्यांवरच्या आहेत. एखादीला चित्र येत असेल, एखादीला गाणं येत असेल, विचारा तर खरं. मात्र त्या तासाचा पगार द्या. साफसफाई उरकून वर फुकटात चित्रकला घ्या, असं सांगायचं नाही.

"उपयोग काय? उद्या विसरणारच." हा आक्षेप मला सगळ्यात बोचतो. स्मृतिभ्रंश चित्राने बरा होत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण नावं पुसली गेली तरी हातांची सवय पुष्कळदा मागे राहते, सूर राहतो. आणि आजच्या आनंदाला उद्याची पावती कशाला हवी? आपण काल जेवलेलं विसरतो, म्हणून काल उपाशी होतो का?

"त्यांच्या कर्माचे भोग." हे तर आपण श्राविकांनी बोलूच नये. ज्ञानावरणीय कर्म ज्ञानाला झाकतं, असं आपण स्वाध्यायात वाचतो. झाकतं, विझवत नाही. ढगाआड सूर्य असतोच, हे पटत असेल तर त्या खुर्चीतला जीव रिकामा समजायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? म्हाताऱ्या गाईंसाठी पांजरपोळ चालवणारा आपला समाज. वैयावृत्य हे अंतरंग तप मानणारा. आमच्या गुजराती भगिनी त्याला वैयावच्च म्हणतात. ते तप फळांच्या करंड्या वाटून आणि ग्रुपवर फोटो टाकून पुरं होत नाही. त्या फोटोतल्या बाईला फोटो काढू का, हे तरी कोणी विचारलं होतं का?

माझं मागणं लहान आहे. एक मुहूर्त म्हणजे 48 मिनिटं. आठवड्यातून एक मुहूर्त मंडळातल्या दोघीतिघींनी एका निवासात बसावं. परीक्षा नको, भाषण नको, बक्षीस नको. ताटात पीठ, वाटीत रंग, आणि जमलं तर एखादं स्तवन. आणि वाढदिवसाच्या देणगीतून त्या पोरींच्या तासाचे पैसे.

सासूबाईंचं सांगून थांबते. निवासातल्या एका पोरीने, कोणी न सांगता, एकदा त्यांच्यापुढे ताटात पीठ पसरलं. मी समोर बसले होते. मला त्यांनी ओळखलं नव्हतं, मीही त्या दिवशी विचारलं नाही. बराच वेळ बोट पिठात तसंच राहिलं. मग एक ठिपका, दुसरा ठिपका, वाकडीतिकडी एक ओळ. अर्ध्यावर थांबून त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "पुढचं तू काढ."

मी कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पुढचं मी काढायचं, हे मात्र त्यांनी ठरवलं होतं. घरी आल्यावर कपाटातला तो डबा काढला. किल्ली सापडेना, कुलूप तोडावं लागलं.